उताऱ्यावरचे प्रश्न आणि पुढे पळणारं घड्याळ

वेळ लावून द्यायच्या वाचन-आकलनाच्या परीक्षांबद्दल मागच्या अंकात थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. सगळ्यांची रड साधारण सारखीच, एक तर वेळ पुरत नाही आणि पुरला तर शेवटी तपासताना बरोबर उत्तराचं वाटोळं होतं. काही पत्रं निवडलीयेत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

आधी माझीच चूक. मागच्या वेळी मी लिहून बसले की आयेल्ट्स (परदेशात शिकायला किंवा राहायला जाताना द्यायची इंग्रजीची परीक्षा) पेपरवर दिली तर उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं जास्तीची मिळतात. ती मिळतात लिसनिंगला, रीडिंगला नाही! रीडिंगचं सगळं ६० मिनिटांतच उरकायचं, त्यामुळे उत्तरं सोडवता सोडवताच उत्तरपत्रिकेवर लिहीत जा. तिघांनी माझा कान पकडला, बरं केलं.

ताई, आयेल्ट्स ॲकॅडेमिकचं रीडिंग करतेय. पहिला पॅसेज मस्त जातो, दुसरा ठीक, तिसऱ्याशी पोचेपर्यंत १२ मिनिटं उरलेली असतात आणि शेवटचे सहा-सात प्रश्न नुसते ठोकून देते. महिनाभर स्पीड रीडिंगचं ॲप वापरतेय, मिनिटाला ५०० शब्द झालेत असं ते दाखवतं पण मार्क जिथल्या तिथे. अजून स्पीड वाढवू का?
– तिसऱ्या पॅसेजवर अडकलेली

नको वाढवूस. आधी जरा हिशोब करू. या परीक्षेत तिन्ही पॅसेज मिळून २,१५० ते २,७५० शब्द असतात. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला होता, त्यात मोठ्या माणसांचा इंग्रजी माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचायचा सरासरी वेग निघाला मिनिटाला २३८ शब्द. इंग्रजी आपली पहिली भाषा नाही म्हणून आपण १५० च धरू, तरी सगळे पॅसेज एकदा नीट वाचायला १४ ते १८ मिनिटं लागतात. म्हणजे ६० मधली १८ गेली तरी ४२ उरली, आणि प्रश्न आहेत ४०. मग तुझी ती ४२ मिनिटं जातात कुठे? वाचण्यात तर जात नाहीयेत ना.

हे शोधायला एकच काम कर. घरी एक पूर्ण टेस्ट सोडव आणि प्रत्येक उत्तराशेजारी घड्याळात किती वाजलेत ते लिही, सेकंदासकट. फार कंटाळवाणं आहे, मान्य, पण एकदाच करायचंय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या कागदावर हेच दिसतं की बरेचसे प्रश्न पाऊण-एक मिनिटात सुटलेले असतात आणि चार-पाच प्रश्नांनी प्रत्येकी तीन-चार मिनिटं गिळलेली असतात, आणि गंमत म्हणजे एवढं करून त्यातली निम्मी उत्तरं चुकलेलीच असतात. वेळ वाचनात जात नाही, "ब की ड, ब की ड" करण्यात जातो.

त्या ॲपबद्दल पण बोलते, कारण याच्यावर पैसे घालवलेले बरेच जण आहेत. कीथ रेनर यांनी अख्खी हयात डोळे वाचताना कसे हलतात हे बघण्यात घालवली, त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा लेख स्पष्ट सांगतो की समज तशीच ठेवून वेग दुप्पट-तिप्पट करायची काही युक्ती नाही, एका मर्यादेपलीकडे वेग वाढला की समज कमी होतेच. एकेक शब्द झपाझप दाखवणाऱ्या ॲपमध्ये तर डोळ्याला मागे जाताच येत नाही, आणि मागे जाणं गरजेचं असतं. २०१४ मध्ये एका प्रयोगात वाचून झालेला शब्द लगेच झाकून टाकला तर लोकांना वाक्य कमी कळलं. त्यामुळे एखाद्या ओळीवर परत गेलीस तर अपराधी वाटून घेऊ नकोस.

आता वाटणी. २०-२०-२० हे ऐकायला छान आहे पण तिसरा पॅसेज सहसा सगळ्यात जड असतो, मग त्याला तेवढीच मिनिटं का? १६, १९, २२ करून बघ, ३ उरतात. आणि हे तीन आकडे लक्षात ठेव: ४४ मिनिटं उरली की दुसरा पॅसेज उघडलेला पाहिजे, २५ उरली की तिसरा, ३ उरली की पेन खाली किंवा तपासणी. दर प्रश्नाला घड्याळ बघायचं नाही, फक्त या तीन ठिकाणी. आणि अडलीस तर किती थांबायचं याचा नियम परीक्षेआधी ठरव, तिथे बसून ठरवायला गेलं की आपण स्वतःला नेहमी अजून एक मिनिट देतोच. माझा नियम असा की उत्तर शोधायला पॅसेजमध्ये दोनदा जाऊन आले आणि मिळालं नाही तर जे त्यातल्या त्यात बरं वाटतंय ते लिहायचं, बाजूला खूण करायची आणि पुढे. चुकीच्या उत्तराला यात मार्क कापले जात नाहीत, त्यामुळे रिकामी जागा ठेवण्यात काहीच फायदा नाही.

प्रश्न आधी वाचायचे की पॅसेज आधी? क्लासमध्ये एक सांगतात, यूट्यूबवर दुसरं.
– गोंधळलेला

परीक्षेवर आहे. पॅसेज लांब आणि प्रश्न माहिती शोधायचे असतील तर प्रश्नांवरून एकदा नजर फिरवून मग वाचायला घे, काय शोधायचंय ते डोक्यात राहतं. पॅसेज छोटा आणि प्रश्न "लेखकाला काय म्हणायचंय" छापाचे असतील तर आधी पॅसेज वाच, नाहीतर पर्यायांमधली चुकीची वाक्यं आधी डोक्यात बसतात आणि वाचताना तीच दिसायला लागतात. डिजिटल सॅटमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) तर २५ ते १५० शब्दांचा तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न असतो, तिथे या वादाला अर्थच नाही.

आयेल्ट्सवाल्यांना एक जास्तीची गोष्ट. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनची (विधान बरोबर, चूक, की पॅसेजमध्ये त्याबद्दल काहीच नाही) उत्तरं पॅसेजमध्ये ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने प्रश्न असतात, परिच्छेदांना हेडिंग जुळवायच्या प्रश्नांचं तसं नसतं. म्हणून क्रमाने जाणारे आधी सोडवले तर जुळवाजुळवीला येईपर्यंत अर्धा पॅसेज ओळखीचा झालेला असतो.

ताई नमस्कार. आमच्या घरात सगळ्यांचं म्हणणं एकच की पहिलं उत्तर बदलायचं नाही, मनात पहिलं येतं तेच बरोबर असतं. मागच्या परीक्षेत मी शेवटच्या दहा मिनिटांत चार उत्तरं बदलली आणि त्यातली दोन आधी बरोबर होती. तेव्हापासून तपासायचीच भीती वाटते, वेळ उरला तरी हात बांधून बसतो. हे बरोबर आहे का?
– हात पोळलेला

नमस्कार. हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते.

दोन आधी बरोबर होती, आणि उरलेल्या दोनचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीत! ती आधी चूक होती आणि बदलल्यामुळे बरोबर झाली असतील तर हिशोब सारखा सुटला. पण ती आठवत नाहीत, बरोबर ना? यावरच २००५ मध्ये जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. मानसशास्त्राच्या १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर खोडरबराच्या खुणा बघून कुठलं उत्तर बदललंय ते मोजलं. बदललेल्यांपैकी ५१ टक्के उत्तरं चुकीची होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबर होती ती चुकली, आणि उरलेली चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेली. म्हणजे बदलण्याने फायदा तोट्याच्या दुप्पट. तरी बहुतेकांचा समज उलटाच असतो, कारण हातातलं बरोबर उत्तर आपणच खोडलं ही गोष्ट जिव्हारी लागते आणि वर्षभर टोचत राहते, पण बदलून मिळालेला मार्क आपण पावती न घेता खिशात टाकतो.

पण थांबा, लगेच उद्यापासून सगळी उत्तरं बदलायला निघू नका. ते आकडे बदललेल्या सगळ्याच उत्तरांचे आहेत, कारण दिसलं म्हणून बदललेली आणि शेवटी घाबरून बदललेली वेगळी काढलेली नाहीत. शिवाय तो पेपर मानसशास्त्राचा होता, उताऱ्यांचा नव्हता. आकलनाच्या पेपरात आपल्याला एक मोठी सोय असते, उत्तराचा पुरावा समोर छापलेला असतो. म्हणून माझा नियम एकच, उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून "या शब्दामुळे माझं उत्तर चूक आहे" असं म्हणता आलं तरच बदला. "आता क पण बरा वाटतोय" याला कारण म्हणत नाहीत, तो थकवा आहे.

उदाहरण घ्या, मीच बनवलंय. उताऱ्यातलं वाक्य असं: "काही प्रदेशांत मधमाश्यांची संख्या घटली असली तरी त्याला एकच कारण आहे असं संशोधक मानत नाहीत." आता पर्याय अ: "मधमाश्या का कमी होत आहेत हे संशोधकांना माहीत नाही." पर्याय ब: "मधमाश्या कमी होण्यामागे एकाहून जास्त कारणं असू शकतात असं संशोधकांना वाटतं." घाईत अ बरोबर वाटतो, कारण "मानत नाहीत" मधला नकार डोक्यात राहिलेला असतो. पण एकच कारण मानत नाहीत म्हणजे कारण माहीतच नाही असं थोडीच होतं? परत आल्यावर "एकच" या शब्दावर बोट ठेवलं की अ पडतो. हा बदल करायचाच. आणि पर्यायात "सगळ्या प्रदेशांत" असतं तर "काही" वर बोट ठेवायचं. काही, बहुतेक, फक्त, कदाचित, पूर्वी, एकच, असले बारके शब्दच आपण घाईत खातो, निम्म्या चुका तिथल्याच असतात.

दुसरी गोष्ट. तपासणीची सुरुवात शेवटच्या दहा मिनिटांत होत नाही, ती उत्तर देतानाच होते. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे खूण करायची. पक्कं असेल तर काहीच नाही. दोन पर्यायांत अडकून एक घेतला असेल तर टिंब. निव्वळ अंदाज असेल तर फुली. जस्टिन काउचमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये साधारण हेच विद्यार्थ्यांकडून करून घेतलं होतं, उत्तर देताना लगेच आपली खात्री किती ते लिहायचं. बदलायचं की ठेवायचं हे ठरवायला ती तेव्हा लिहिलेली खात्री चांगली उपयोगी पडते असं त्यात दिसलं. अर्ध्या तासाने आपल्याला सगळंच संशयास्पद वाटायला लागतं, तेव्हाच्या मनावर विश्वास ठेवू नका, त्या खुणेवर ठेवा.

मग शेवटी क्रम असा. आधी रिकामं काही राहिलंय का आणि उत्तरांचा नंबर सरकलाय का ते बघा (एक गोल सुटला की पुढचे सगळे एकेक घर पुढे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि ते परत बघायची इच्छा नाही). मग ज्या प्रश्नांत "नाही", "वगळता", "चुकीचं विधान ओळखा" असं असेल ते सगळे, पक्के वाटले तरी, कारण तिथे उत्तर येत असतं पण प्रश्नच उलटा वाचलेला असतो. शब्द लिहायचे असतील तर स्पेलिंग आणि शब्दमर्यादा, दोनपेक्षा जास्त शब्द नको म्हटलंय आणि आपण तीन लिहिलेत तर बरोबर असूनही मार्क जातो. मग टिंबवाले. फुलीवाले सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, त्यांच्यावर आधीच बराच वेळ गेलेला असतो. बिनखुणेच्यांना हात लावायचा नाही. पहिल्यापासून सगळं परत वाचत बसणं ही तपासणी नव्हे, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो, दुसऱ्या पॅसेजपर्यंतच संपतो.

आणि पुढच्या पाच मॉकमध्ये (सराव परीक्षांमध्ये) बदललेल्या प्रत्येक उत्तराची नोंद ठेवा, आधी काय, नंतर काय, खरं काय. तुमच्या बदलांमुळे चुकीची बरोबर झालेली जास्त की बरोबरची चुकलेली जास्त ते कळेल. चुकलेली जास्त निघाली तर घरच्यांचं ऐका, माझं नको.

निगेटिव्ह मार्किंग असेल तर अंदाजाने मारायचं का सोडायचं?
– एक वाचक

चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश मार्क कापत असतील तर डोळे झाकून मारलेल्याचा हिशोब बरोबर शून्य येतो, चार वेळा मारलं तर एकदा १ मिळतो आणि तीनदा मिळून १ जातो. पण एक जरी पर्याय खात्रीने उडवता आला तर सरासरी एक नवमांश मार्क पदरात पडतो, दोन उडवले तर एक तृतीयांश. उताऱ्याच्या प्रश्नात उताऱ्यात कुठेच नसलेला एखादा पर्याय बहुतेक वेळा सापडतोच, त्यामुळे उतारा वाचलेला असेल तर मारा. उताराच वाचला नसेल तर सोडा, शून्यासाठी गोल रंगवण्यात तरी वेळ का घालवायचा. कापायचं प्रमाण वेगळं असेल तर हा हिशोब परत करायचा, कुठल्याही परीक्षेच्या सूचनांमध्ये ते लिहिलेलं असतं.

जीमॅटची (एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा) तयारी करतोय. मॉकमध्ये १४-१५ प्रश्न बुकमार्क होतात आणि परत यायला वेळच नसतो, उरला तर कशाकडे बघू तेच कळत नाही. मित्र जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देतोय, तो म्हणतो तिकडे कितीही बदला. मग सवय कशी लावू?
– बुकमार्क बहाद्दर

मित्राचं बरोबर आहे, पण तुझी परीक्षा वेगळी आहे. आताच्या जीमॅटमध्ये व्हर्बलला ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटांपेक्षा जरा कमी. बुकमार्क कितीही करता येतात पण एका सेक्शनमध्ये उत्तरं बदलता येतात फक्त ३. तीनच! मग १५ बुकमार्क करून काय करणार आहेस? बुकमार्क म्हणजे "अवघड गेला" नाही, "दोन पर्यायांवर आलोय, अजून एक मिनिट मिळालं तर सुटेल" असं असेल तरच करायचा, चार-पाचच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि जीमॅटमध्ये प्रश्न सोडून पुढे जाता येतच नाही, उत्तर द्यावंच लागतं, शिवाय शेवटचे प्रश्न अर्धवट राहिले तर स्कोअरला चांगलाच फटका बसतो. म्हणून आधी २३ पूर्ण, मग पाच मिनिटं उरली तर रिव्ह्यू, नाही उरली तर नाही.

जीआरईत व्हर्बलचे दोन सेक्शन असतात, १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि २३ मिनिटांत १५. तिकडे सेक्शनच्या आत कितीही मागे-पुढे करता येतं, पण सेक्शन संपला की दार बंद. मित्राला सांग, मार्क करायच्या आधी काहीतरी उत्तर निवडून ठेव, "नंतर येतो" म्हणून रिकामं सोडलेलं बऱ्याचदा रिकामंच राहतं.

घरी वेळ न लावता सोडवलं की ९० टक्के बरोबर येतं, टायमर लावला की ६० वर येतं. म्हणजे मला येतं की येत नाही?
– टायमरला घाबरणारी

येतं, पण त्यातलं किती येतं ते तुला अजून माहीत नाही. एक पद्धत सांगते, एलसॅट (अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा) देणाऱ्यांमध्ये ही बरीच चालते. तिथे ३५ मिनिटांत चार उतारे असतात, एकाला पावणेनऊ मिनिटं, त्यामुळे तुझ्यासारखी दुखणी त्यांची रोजची आहेत. टायमर लावून पूर्ण सेट सोडव, वेळ संपला की थांब. मग उत्तरं न बघता, उत्तरसूची उघडायचीच नाही, दुसऱ्या रंगाच्या पेनाने तोच सेट परत सोडव, टायमर बंद, एका उताऱ्याला अर्धा तास लागला तरी चालेल, आणि प्रत्येक उत्तराला उताऱ्यातली ओळ दाखव. त्यानंतरच तपास.

दोन्ही रंगात चुकलेलं म्हणजे आकलनच कमी पडतंय, तिथे टायमरला दोष देऊ नकोस, तसले उतारे सावकाश वाच. पहिल्यात चूक आणि दुसऱ्यात बरोबर म्हणजे घाईची चूक, मग बघ की नक्की काय खाल्लं, "काही" खाल्लं, "नाही" खाल्लं, का प्रश्नच अर्धा वाचला. हे वहीत लिहीत गेलीस की पंधरा-वीस सेटनंतर तुझ्या त्याच त्या दोन-तीन चुका परत परत दिसतील. आणि पहिल्यात बरोबर, दुसऱ्यात चूक असंही येईल अधूनमधून, तेव्हा हसू येतं, पण ते पण लिही.

टायमर एकदम पूर्ण वेळेचा लावू नकोस. आधी दीडपट वेळ दे, मग सव्वापट, मग खरा. टायमर लावूनही ८५ टक्के तरी बरोबर यायला लागेपर्यंत एका पायरीवर थांब, पुढच्या पायरीवर त्याच्या खाली घसरलं की एक पायरी मागे ये. आणि टायमर नजरेसमोर ठेवू नकोस, स्क्रीनवर लपवता येत असेल तर लपव, पॅसेज संपल्यावरच बघ. सध्या परीक्षेला किती दिवस आहेत ते लिहिलं नाहीस, महिन्याच्या आत असेल तर सव्वापटवरूनच सुरू कर.